तांड्याचं अंगण

आमच्या मानोरा तालुक्यात लहान लेकरांच्या शाळेला दोनच शब्द आहेत. गरिबाची ती अंगणवाडी आणि चार पैसे हाती असलेल्याची ती कॉन्व्हेंट. पहिल्या शब्दाचा अर्थ लोकांच्या मनात खिचडी, दुसऱ्याचा टाय. कॉन्व्हेंट म्हणजे मूळचा ख्रिस्ती नन राहतात तो मठ, असं मानोऱ्याच्या बसस्टँडवर कोणाला सांगितलं तर तो आपल्याकडंच संशयानं पाहील. वऱ्हाडात देवीच्या नावाची कॉन्व्हेंट असते, संताच्या नावाची असते, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही. शब्द परगावाहून आला की तो गावचे कपडे घालतोच.

अंगणवाडी हा शब्द मात्र आपल्या मराठीतला. आज देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकारी कागदावर तो चालतो. ज्या बाईंनी तो रूढ केला त्यांनी एके काळी आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला, संसार मांडला होता, हे मात्र आमच्याकडच्या फार थोड्यांना ठाऊक आहे. मी १९७९ ला अकोला जिल्हा परिषदेत मास्तर म्हणून लागलो आणि २०१६ ला वाशीम जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. माझी बदली झाली नव्हती, १ जुलै १९९८ ला जिल्ह्याचीच वाटणी झाली. या सदतीस वर्षांत ताराबाई मोडकांचं नाव प्रशिक्षणात पुष्कळदा ऐकलं. अमरावतीचा उल्लेख मात्र कोणी केला नाही.

ताराबाई मूळच्या मुंबईच्या, माहेरच्या केळकर. जन्म १८९२ चा, घर प्रार्थना समाजाचं. १९१४ ला त्या बी. ए. झाल्या. तेव्हा बी. ए. झालेल्या बाया बोटांवर मोजण्याइतक्या. मोडक वकिलांशी लग्न होऊन त्या अमरावतीला आल्या. तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमाराला त्या वऱ्हाड सोडून राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्य झाल्या. पगाराची, मानाची जागा होती. तीही सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या.

गिजुभाई पेशानं वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं या काळजीतून त्यांनी माँटेसरीबाईंची पुस्तकं वाचली आणि वकिली मागं पडली. १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढलं. गुजरातेत लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, म्हणजे मिशावाली आई. त्यांचं 'दिवास्वप्न' हे छोटं पुस्तक मी नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी वाचलं. एक मास्तर वरिष्ठाकडून वर्षभरासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो आणि पोरांना शिकवायच्या आधी गोष्टी सांगत बसतो, असं त्यातलं कथानक आहे. बाकीचे मास्तर त्याला हसतात. माझ्या ओळखीच्या अनेक मास्तरांनी ते वाचलं, वाखाणलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोक हातात घेतला. पुस्तकाचा त्यात दोष नाही. पन्नास पोरं, चार वर्ग, एक खोली आणि डोक्यावर जनगणनेचं काम असलं की दिवास्वप्न पाहायला दिवसच उरत नाही.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांच्या खटपटीतून नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९३६ ला ताराबाई मुंबईला आल्या, दादरला शिशुविहार काढलं. ते चांगलं चाललं. पण तिथं येणारी मुलं कोणाची, तर शिकल्यासवरल्या घरांतली. माँटेसरीबाईंची पहिली शाळा १९०७ साली रोममध्ये उघडली होती ती सान लोरेन्झो नावाच्या मजूरवस्तीत, आईबाप कामाला गेल्यावर मोकाट फिरणाऱ्या पोरांसाठी. हिंदुस्थानात येता येता ती पद्धत महागड्या लाकडी साहित्यासकट बंगल्यात जाऊन बसली. ताराबाईंना हे खुपत होतं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, डिसेंबर १९४५ मध्ये, त्यांनी मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या. पुढं शिकून मास्तरीण झालेल्या.

बोर्डीला काय घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. बालवाडी काढली, पण मच्छीमारांची, दलितांची, आदिवासींची पोरं तिकडं फिरकेनात. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही. आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. ताराबाई-अनुताई सामानाची पिशवी घेऊन वस्तीत गेल्या. ज्याच्या दारात जागा असेल ते अंगण झाडायचं, पोरं गोळा करायची, नखं कापायची, केस विंचरायचे, आंघोळ घालायची, मग गाणी-गोष्टी. साहित्य म्हणजे शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या, ओली माती. यातूनच बालवाडीचे दोन प्रकार झाले. एक मध्यवर्ती बालवाडी, जिथं पोरं येतात. दुसरी अंगणातली, जी पोरांकडं जाते. ती अंगणवाडी. शाळेनं लेकराच्या दारात जायचं, हा त्या शब्दाचा अर्थ.

१९५७ ला त्यांनी मुक्काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलवला. तिथली वस्ती वारल्यांची. वारल्याची सात वर्षांची पोरगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ आहे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, तिला विकासवाडी म्हटलं. पोरगी भावाला घेऊन येणार, त्याला पाळण्यात टाकणार आणि आपल्या वर्गात जाऊन बसणार. पोरगा का येत नाही? तो ढोरं राखतो. मग त्याच्यामागं कुरणात जाऊन तिथंच शिकवायचं, ती कुरणशाळा. ही नावं आज परीक्षेत एका गुणाच्या प्रश्नाला येतात. त्यामागचा प्रश्न साधा होता. लेकरू येत नाही, तर त्याला अडवतंय काय?

हा प्रश्न आमच्या शिवारात कोणी विचारला असता तर काय झालं असतं, हे मी माझ्या एका सोबत्याच्या कथेवरून सांगतो.

१९६४ साली मी पहिलीत बसलो. कोसबाडची विकासवाडी तेव्हा सात वर्षांची झाली होती, पण आमच्या गावात तिचा पत्ता कोणाला असणार! एक खोली, चार वर्ग, एक गुरुजी. आमच्या भागात गावाशेजारी तांडा असतोच. आमच्या तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. रामनवमीच्या यात्रेला सेवालाल महाराजांच्या दर्शनाला कुठून कुठून लोक येतात. तेव्हा तांडा आम्हाला परका नव्हता. त्यांच्या घरची माणसं आमच्या वावरात कामाला, आमचा बाजार एक, पाणी भरायला नाला एक. पण शाळेत तांड्यावरची पोरं भिंतीकडं पाठ करून बसत आणि बोलत नसत. वर्षभर बोलत नसत.

माझा सोबती असाच होता. शाळेबाहेर आम्ही नाल्यात खेकडे धरायचो, तेव्हा त्याची जीभ नुसती चालायची. आमची भाषा खिचडी होती, अर्धी माझी वऱ्हाडी, अर्धी त्याची गोरमाटी. वर्गात आला की तोंडाला कुलूप. एके दिवशी गुरुजींनी चित्रतक्ता लावला आणि भाकरीच्या चित्रावर छडी ठेवून त्याला विचारलं, "हे काय?" तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाटी." वर्ग हसला. गुरुजींना वाटलं, पोरगं टवाळी करतं. दोन फोक बसले. गोरमाटीत भाकरीला बाटीच म्हणतात. त्यानं बरोबर उत्तर दिलं होतं.

गुरुजी दुष्ट नव्हते. आजारी पोराच्या घरी जाऊन चौकशी करणारा माणूस होता. पण फोक तेव्हा खडूसारखंच शाळेचं साधन होतं. घरी सांगितलं तर आमचा आबा उलट म्हणायचा, "बरं झालं, एखादा जास्तीचा द्यायला सांगजो." आबा स्वतः धूळपाटीवर शिकलेला. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून त्यात काडीनं अक्षर गिरवायचं. पावकी, निमकी, दीडकी, औटकी त्याला मरेपर्यंत तोंडपाठ होती आणि कारंज्याच्या बाजारात कापसाच्या हिशेबात अडत्या त्याला फसवू शकत नव्हता. त्या शिक्षणाला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण त्यात टिकले ते टिकले. जे मध्येच उठून गेले त्यांची आठवण कोणी ठेवली नाही.

माझा सोबती दुसरीत आलाच नाही. ढोरं राखायला लागला. गावचा तीस-पस्तीस ढोरांचा कळप संध्याकाळी परतताना तो नाल्याच्या काठावर उभा राहायचा आणि एक नजर टाकून सांगायचा की अमक्याची ठिपक्याची कालवड मागं राहिली. शाळेच्या रजिस्टरात त्याच्या बुद्धीविषयी काय शेरा होता ते मला पुढं मास्तर झाल्यावर कळलं. एकच शब्द होता, मंद.

घरचं शिक्षण म्हणजे संस्कार आणि पाठांतर, असं आपण समजतो. पण आमच्या घरांत न सांगता बरंच चालायचं. भाद्रपदात भुलाबाई बसायची. पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणायच्या आणि शेवटी खाऊ ओळखायचा असायचा. झाकण लावलेला डबा घरची बाई कानाशी खुळखुळ वाजवून दाखवायची. फुटाणे की शेंगदाणे, मुरमुरे की रेवड्या? पाच वर्षांची पोरगी डोळे मिटून आवाज ऐकायची आणि नेमकं सांगायची. पुढं ट्रेनिंगला माँटेसरीच्या ध्वनीच्या डब्या दाखवल्या. बंद डब्यांत वेगवेगळे दाणे, वाजवून जोड्या लावायच्या. मी मनात म्हटलं, बाप्पा, ही तर आमची भुलाबाई! तान्ह्या पोळ्याला पोरं मातीचे बैल करायची, तेव्हा शिंगांचा तोल साधेपर्यंत चारदा मोडून पुन्हा करायची आणि कोणी त्यांना "चूक" म्हणायचं नाही. माय तूर निवडायला बसली की सुपात एक कोपरा माझा असायचा. खडा वेगळा, डाळ वेगळी, सरकी वेगळी.

यात एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. लेकराला कामात घेणं निराळं आणि कामाला जुंपणं निराळं. सुपातला कोपरा मिळाला तो मला, कारण मी पोरगा होतो आणि कंटाळलो की पळून जाऊ शकत होतो. माझ्या बहिणीला पूर्ण सूप मिळायचं. तिसरीनंतर तिला वेचणीला नेलं. गावाकडचं बालपण किती मोकळं होतं असं शहरातले लोक लिहितात तेव्हा मला तिची आठवण येते.

मास्तर झालो तेव्हा अंगणवाडी योजना नुकती आली होती. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी ती सुरू झाली आणि हळूहळू सगळीकडं पसरली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी लेकरू दवाखान्यात पाठवणं, बायांना आहार-आरोग्याची माहिती आणि शाळेपूर्वीचं शिक्षण, अशी सहा कामं तिच्याकडं. ताराबाई १९७३ ला गेल्या, त्यांनी ती पाहिली नाही. शब्द त्यांचा घेतला. पण सहा कामांत शिक्षण कागदावरही शेवटी आणि प्रत्यक्षातही शेवटी. याचा दोष मी सेविकेला देणार नाही. जिला पगार नाही, मानधन आहे, तिच्याकडं वजनकाटा, गरोदर बायांच्या याद्या, पोलिओचे डोस, निवडणुकीची कामं, आता मोबाइलवर रोजची माहिती. एवढं करून तिनं वीस लेकरांना गोष्ट सांगितली तर तिचा सत्कार केला पाहिजे. कुपोषणानं लेकरं दगावत होती, तिथं खिचडी आधी आली हेही बरोबरच झालं. फक्त अंगण मागं पडलं.

शाळेकडं मात्र 'बालकेंद्री' हा शब्द लाटांनी आला. १९८६ च्या धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. शाळाशाळांत साहित्याच्या पेट्या पोचल्या. ठोकळे, भिंगं, खेळणी, नकाशे. पुष्कळ शाळांत त्या पेटीला कुलूप लागलं. कारण त्यातली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढवलेली, म्हणजे डेड स्टॉक. ठोकळा हरवला तर भरपाई मास्तरनं द्यायची. लेकराच्या हातात खेळणं दिलं की ते झिजणार, फुटणार. खेळण्याचं तेच काम आहे. पण झिजलेलं खेळणं निर्लेखित करायला जो कागदाचा प्रवास होता तो पाहिला की कुलूपच बरं वाटायचं. मग नव्वदच्या दशकात आनंददायी शिक्षण आलं. आम्ही मोठे मिशावाले मास्तर गोलात उभे राहून टाळ्या वाजवत गाणी म्हणायला शिकलो. त्याची चेष्टा फार झाली. मी करणार नाही. मास्तरांतले कितीतरी जण त्या दिवशी पहिल्यांदा जमिनीवर बसले, आणि जमिनीवर बसल्यावर पोराचं तोंड समोर येतं, हे काही कमी नाही.

२०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. मारायचं नाही, मानसिक त्रास द्यायचा नाही, हे कायद्यानं सांगितलं. त्याच कायद्यात असंही आहे की शक्य तिथवर लेकराला त्याच्या मातृभाषेतून शिकवावं. २०१५ नंतर ज्ञानरचनावादाचं वारं आलं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यातून मास्तर गाड्या करून गेले. परत येऊन त्यांनी फरशीवर रंगानं आकडे काढले, अक्षरं काढली, भिंती रंगवल्या. त्याला 'बोलक्या भिंती' म्हणतात. पदरचे पैसे घालून रंगवणारे मास्तर मी पाहिले आहेत आणि त्यांना माझा नमस्कार आहे. माझं म्हणणं एवढंच की तांड्याच्या शाळेतली भिंतही पुण्याच्या पुस्तकी मराठीतच बोलायची.

आमच्या तालुक्यात लेकराला अडवणारी गोष्ट ती होती. कोसबाडला कडेवरचा भाऊ दिसत होता, कुरणातली ढोरं दिसत होती. भाषा दिसत नाही. जनगणनेत लमाणी-लंबाडी बोली हिंदीच्या खाली मोजली जाते, शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी लिहिली जाते, आणि सहा वर्षांचं लेकरू वर्गात गप्प बसतं. गोरमाटीत आईला 'याडी' म्हणतात. पहिलीच्या पाटीवर 'आई' गिरवणाऱ्या तांड्यावरच्या पोराला तो शब्द घरात कधी कानावर पडलेला नसतो. आपल्याला इंग्रजीतून अक्षरओळख करायला लावली असती तर आपण जितके गोंधळलो असतो तितकाच तो गोंधळतो. फरक एवढाच की त्याच्या गोंधळाला आपण मंद म्हणतो.

१९८६-८७ ला मी तांड्याला लागून असलेल्या एका शाळेवर होतो. पहिलीत माझ्या त्या सोबत्याचीच पोरगी आली. बापासारखीच भिंतीकडं तोंड. चौथीत तांड्यावरची एक चुणचुणीत पोरगी होती. तिला मी रोज तासभर पहिलीत बसवायला लागलो. मी गोष्ट सांगायचो, ती गोरमाटीत सांगायची. लहानी हसायला लागली की समजायचं, पोचली. फळ्यावर भाकरीच्या चित्राखाली दोन शब्द लिहिले, भाकर आणि बाटी. आईच्या चित्राखाली आई आणि याडी. ही काही माझी मोठी अक्कल नव्हती, नाल्यात खेकडे धरताना शिकलेली खिचडी होती. दिवाळीच्या आत पहिलीतली तांड्याची सगळी पोरं बोलायला लागली. इतकी, की वर्ग आवरेना. आणि एक मजा झाली. गावच्या पोरांना गोरमाटी यायला लागली. मधल्या सुटीत ती एकमेकांना 'छ' लावून बोलायची.

तपासणीला आलेल्या साहेबांनी फळा पाहिला. "हे बाटी काय आहे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "पुस्तकात आहे काय?" पुस्तकात नव्हतं. शेरेबुकात लिहून गेले की शिक्षकाने प्रमाण भाषेचा आग्रह धरावा. साहेबांनी पोरीला उभं करून वाचायला लावलं असतं तर तिनं प्रमाण भाषेत वाचून दाखवलं असतं, पण त्यांची गाडी दिग्रसकडं निघायची होती. शेरा वाचला, सही केली आणि फळा तसाच ठेवला. ती पोरगी पुढं बारावी झाली. आज तांड्यावरच्या अंगणवाडीत सेविका आहे.

तिची अंगणवाडी पाहायला मी अधूनमधून जातो. टोपल्यात चिंचोके, सागरगोटे, सरकी, तुरीचे दाणे. वजनाच्या रजिस्टरातून डोकं वर काढायला सवड मिळाली की ती पोरांत बसते. सुरुवात गोरमाटीत, गाणं गोरमाटीत, मग हळूच मराठी शब्द येतो, जसा पाहुणा आधी ओट्यावर बसतो आणि मग घरात येतो. तिनं ताराबाईंचं नाव पुस्तकात वाचलं आहे. मी तिला अमरावतीचं सांगितलं तर तिला फार नवल वाटलं. "म्हंजे आपल्या इकडच्याच की, गुर्जी!" आता पाच-सहा वर्षांचा मुक्काम आपण त्यांना इकडचंच करावं काय, हा प्रश्न आहे, पण मी काही बोललो नाही.

आणि तिचा स्वतःचा पोरगा? तो कॉन्व्हेंटला जातो. सकाळी सात वाजता ऑटो येतो, त्यात बारा लेकरं कोंबून बसवतात.

यावर माझं आणि माझ्या सोबत्याचं एकदा चांगलंच वाजलं. चारचौघांत तो मला गुर्जी म्हणतो, एकटे असलो की 'अरे बावा'. मी म्हटलं, "तुही पोरगी एवढं चांगलं शिकवते, तिथं नातू का नाही बसवत? तिथं त्याले समजते तरी." नव्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकत्र धरला आहे आणि घरच्या भाषेवर जोर दिला आहे, तेही सांगितलं. तो बराच वेळ तमाखू मळत बसला. मग म्हणाला, "बावा, मले काही येत नव्हतं असं नाही, मले सांगता येत नव्हतं. तुमची भाषा नव्हती म्हणून मी हसण्यावारी गेलो. पोरीनं तुमची भाषा घेतली, तं साहेब आता इंग्रजी बोलते. आमी जवा जवा एक पायरी चढतो, तवा तुमी शिडी बदलता. नातवाले कोनी हसू नये, बस."

मी त्याला उत्तर दिलं, पण ते पुस्तकातलं होतं. लेकरू आधी आपल्या भाषेत पक्कं झालं की दुसरी भाषा लवकर येते, हे मी सदतीस वर्षं पाहिलं आहे आणि त्याच्या पोरीतच पाहिलं आहे. तो म्हणाला, "तुमच्या नातवाले कुठं टाकलं?" माझा नातू पुण्यात इंग्रजी शाळेत आहे. तेवढ्यावर बोलणं थांबलं आणि आम्ही पावसावर बोलायला लागलो.

नातवाची कॉन्व्हेंट मी बाहेरून पाहिली आहे. बाया मेहनती आहेत, कोवळ्या वयाच्या, फार थोड्या पैशात राबणाऱ्या. पण तीन वर्षांचं लेकरू दोन रेघांच्या वहीत अक्षर काढतं आणि घरी येऊन 'होमवर्क' करतं. आई संध्याकाळी तापलेल्या चुलीपुढं त्याचा हात धरून लिहवून घेते. सकाळी तीच आई अंगणवाडीत सांगते की बोटं पक्की व्हायच्या आधी पेन्सिल देऊ नका. मी तिला हे बोलून दाखवलं नाही. तिला माझ्याहून चांगलं समजतं. रात्री होमवर्क झाल्यावर ती पोराला टोपल्यातले चिंचोके देते आणि तो आपल्या आजोबासारखा एका नजरेत सांगतो की किती आहेत.

तालुक्यातल्या तांड्यांपुढं आणखी एक अडचण आहे आणि तिला फळ्यावर दोन शब्द लिहून उत्तर मिळत नाही. कोरडवाहू जमीन, सोयाबीन-कपाशीचा भरवसा नाही. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला, वीटभट्टीला निघतात. मोठ्या पोरांसाठी कुठं कुठं हंगामी वसतिगृहं निघतात, तीन-चार वर्षांचं लेकरू मात्र आईसोबतच जातं. फडावर कोपीपुढं अंगण असतं, पण ते दर दहा-पंधरा दिवसांनी जागा बदलतं. बोर्डीच्या ताराबाई पिशवी घेऊन तिथं गेल्या असत्या असं मला वाटतं. आज कोण जाणार, याचं उत्तर कुठल्याच रजिस्टरात नाही.

गेल्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी मी तांड्यावर होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, सगळं लादून झालं होतं. सेविकेनं रजिस्टरात अकरा लेकरांच्या नावांपुढं 'स्थलांतरित' लिहिलं. मग तिनं एका जुन्या पातळाच्या तुकड्यात चिंचोके, सरकी आणि चार सागरगोटे बांधले आणि ट्रॉलीत बसलेल्या एका म्हातारीच्या हवाली केले. म्हातारी फडावर कोयता चालवत नाही, कोपीवर लहान पोरं सांभाळते. सेविकेनं तिला गोरमाटीत काहीतरी बजावलं. मी विचारलं, काय सांगितलं? ती म्हणाली, "रोज मोजायला लावजो म्हटलं. अन् हरवले तं हरवू दे, रागावू नको."

हे चिंचोके तिनं जडसंग्रहात चढवलेले नाहीत.